अब्बांच्या ट्रंकेतली कव्वाली

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. रेशनकार्ड आणि गिरणीच्या पगारपावत्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा निघाला. कव्वालीच्या मुकाबल्यांची हँडबिलं, घडीवर फाटलेलं एक पोस्टर आणि 'शमा' या उर्दू फिल्मी मासिकाचे काही अंक. भाचा म्हणाला, "मामू, हे घरात कशाला? गाणंबजावणं हराम आहे." अब्बांनी गठ्ठा इतका तळाशी का ठेवला होता, ते तेव्हा कळलं.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. माझी नजर आधी लिपीकडे गेली. पोस्टरवर एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला देवनागरी, दोन्हीकडे अक्षरं सारखीच ठसठशीत. तिकीट कोण काढणार हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मुंबईतल्या चाळींत गणपतीत, सत्यनारायणाला कव्वाली व्हायची. भीमजयंतीला कव्वालीचे सामने रात्रभर रंगायचे. विठ्ठलाच्या गाण्यांमुळे घरोघरी पोचलेले प्रल्हाद शिंदे कव्वालीही गायचे. 'अल हिलाल' (१९५८) या चित्रपटातल्या कव्वालीने इस्माईल आझाद यांचं नाव देशभर झालं. शकीला बानो भोपाली तर पुरुषांच्या या मैदानात स्वतःची पार्टी घेऊन उतरल्या.

मुंबईच्या संगीताबद्दल मराठीत कितीतरी वाचलं. भेंडीबाजार घराण्याचं नाव आदराने येतं, नाट्यसंगीतावर तर पानंच्या पानं. कव्वाली मात्र 'हलकी' म्हणून दाराबाहेर. आणि आपल्या घरात ती गुनाह म्हणून ट्रंकेच्या तळाशी. मग हा कागद जपायचा कुणी? रद्दीवाल्याने?

चिश्ती सिलसिल्यात समाची मजलिस शतकानुशतकं चालत आली आहे, एवढं मी भाच्याला सांगितलं. पण खरं बोलायचं तर हे तिकिटाचे मुकाबले म्हणजे समा नव्हे. शेरोशायरीच्या आडून चावट टोमणेही चालायचे. ते लपवून अब्बांना सूफी ठरवण्यात अर्थ नाही. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री चार घटका खूश व्हायला जायचा. त्याच्या शेजारी बसलेला कांबळे किंवा सावंतही त्याच शेरावर 'वाह' म्हणायचा. मला त्या शेजाराची नोंद हवी आहे. तुमच्या घरी असा एखादा कागद असेल तर फेकू नका, निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

भाच्याला उर्दू वाचता येत नाही. त्याने देवनागरीची बाजू वाचली आणि एका ओळीवर थांबला: 'स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय'.

"नानीपण जायची?"

अम्मी आतून म्हणाली, "चटई घरूनच न्यावी लागायची."