थिबा राजाचा 'थ'

इगतपुरीच्या स्थानकावर उतरून धम्मगिरीकडे निघालेला प्रवासी रिक्षावाल्याला 'विपश्यना' एवढा एकच शब्द सांगतो आणि रिक्षावाल्यालाही तेवढा पुरतो. परंतु ज्या पाली ग्रंथांतून हा शब्द आला तेथे तो 'विपस्सना' आहे, आणि ज्या ब्रह्मदेशातून, मंडाले येथे जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांच्यासमवेत, १९६९ साली ही साधना भारतात परत आली, त्या देशात तो पालीबरहुकूम लिहूनही 'विपत्थना'च्या जवळपास उच्चारला जातो. हे कळल्यावर माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी जी नापसंतीची मान हलविली, ती काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ''मूळ शब्दाची केवढी ही हेळसांड!'' असे ते म्हणाले, आणि त्या मान हलविण्यावरच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

ब्रह्मी लिपी आपल्या देवनागरीची लांबची बहीण आहे, कारण दोघींचे मूळ घराणे ब्राह्मीचे. तिची वर्णमाला ऐकली तर आपल्या पहिलीच्या वर्गात बसल्याचा भास व्हावा: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे तेच पाच वर्ग त्याच क्रमाने उभे, आणि एकूण तेहतीस वर्णांच्या त्या जाबत्यात आपल्या लाडक्या 'ळ'लाही शेवटी शेवटी का होईना, जागा दिलेली. प्रातिशाख्यकारांनी मुखातील स्थाने आणि प्रयत्न तपासून लावलेली ही व्यवस्था समुद्रापलीकडे गेली आणि तेथील दप्तरी जशीच्या तशी रुजू झाली. मात्र दप्तर आणि जीभ ही दोन निराळी खाती असतात. ब्रह्मी माणूस 'ट' आणि 'त' हे दोन वर्ग लिहितो वेगळे, बोलतो एकच. 'घ' लिहून 'ग' म्हणतो, 'भ' लिहून 'ब' म्हणतो. 'ळ' लिहितो आणि वाचतो 'ल'. 'र'चा त्याने 'य' केला आहे, म्हणून अक्षरांनी जे 'रन्कुन्' ते बोलण्यात 'यांगोन' होते. आराकानच्या बोलीत मात्र तो 'र' अद्याप शाबूत आहे, आणि आपले 'रंगून' हे त्याच जुन्या 'र'चे स्मारक.

सर्वांत मौजेची हालचाल झाली ती 'च' आणि 'स' यांच्या बिऱ्हाडांत. जुन्या नाशकातील एखाद्या वाड्यात एक भाडेकरू सरकला की त्याच्या खोलीत दुसरा आणि दुसऱ्याच्या खोलीत तिसरा येतो, तसा प्रकार घडला. 'स' हे अक्षर आता जिभेचे टोक दातांना लावून केलेल्या, आपल्या 'थ'ची आठवण देणाऱ्या घर्षक ध्वनीसाठी वाचले जाते. 'स'च्या ध्वनीची जागा 'च' आणि 'छ' या अक्षरांनी घेतली. आणि 'च'च्या ओस पडलेल्या खोलीत 'क्य' आणि 'क्र' यांनी संसार मांडला. म्हणून पालीतील 'सच्च' तेथे 'थिस्सा' होतो. यात हेळसांड कोठे आहे? बाराव्या शतकाच्या आरंभी पगानजवळच्या म्याझेदी येथे चार भाषांत जो लेख कोरला गेला, त्या सुमाराची लेखनपद्धती तेव्हाच्या जिभेस धरून होती. पुढे जीभ चालत राहिली आणि अक्षरे आदराने जागच्या जागी उभी राहिली, इतकेच.

याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशचा अखेरचा राजा पुढील वर्षी रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ साली तेथेच वारला. १९१० साली पुरा झालेला त्याचा राजवाडा आजही 'थिबा पॅलेस' म्हणून लहानथोरांस ठाऊक आहे. त्या राजाचे नाव ब्रह्मी लिपीत अक्षरशः वाचले तर 'सीपो' असे होते! 'स'चा 'थ' झाला, दोन स्वरांमधील 'प'चा 'ब' झाला, आणि रत्नागिरीकरांनी कानावर आले ते 'थिबा' असे आपल्या वळणाने स्वीकारले. हे मला फार शहाणपणाचे वाटते. याउलट लोकमान्यांच्या कारावासामुळे आपल्या घराघरांत पोहोचलेले 'मंडाले' पाहा: ब्रह्मी लेखनात तेथे 'न'च्या पोटाशी 'त' आहे, बोलताना तो मृदू होऊन 'मांदले'सारखे काही ऐकू येते, आणि आपला तो ठणठणीत 'ड' इंग्रजी नकाशावरून उतरलेला आहे. मंडाले आता इतके आपले झाले आहे की ते बदलण्याची सूचना मी करणार नाही. पण आँग सान सू ची यांचे आडनाव समजून (ते आडनावही नव्हे, ब्रह्मी लोकांत आडनाव नसते) आपली वृत्तपत्रे आजही 'की' आणि 'क्यी' छापतात, ते रोमन अक्षरांच्या कारकुनीचे फळ आहे. लिहिण्यात तेथे 'क्र' आहे, उच्चारात 'ची'. ज्यांच्या लिपीत 'च' सुखेनैव नांदतो, त्यांनी तो लंडनमार्गे 'क' करून का मागवावा?

कोणी म्हणेल, मग मूळ अक्षरांप्रमाणेच का लिहू नये? तसे केल्यास 'सू ची'चे 'चु क्र' असे काहीतरी होईल आणि ती बाई स्वतःचे नाव ओळखणार नाही.

आपल्याकडील स्थिती तरी काय आहे? 'माझा' आणि 'माझी' यांत 'झ' एकच लिहून आपण दोन ध्वनी काढतो. थोडेसे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' यांत लेखणीला फरक ठाऊक नाही, जिभेला आहे. 'ज्ञ'मध्ये 'ज' आणि 'ञ' असताना आपण 'द्न्य' म्हणतो आणि 'ग्य' म्हणणाऱ्या उत्तरेकडील माणसास हसतो. 'ष' आणि 'श' यांतील भेद एखाद्या वेदशाळेबाहेर मी क्वचितच ऐकला आहे. तरीही आमच्या शाळेत 'पानी' म्हणणाऱ्या खेड्यातील मुलास बाकावर उभे करीत, आणि त्याला उभे करणारे गुरुजी त्याच तासाला 'भाषा' हा शब्द तालव्य 'श'ने उच्चारीत.

आपल्या नाशकाजवळच्या पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे एक आज्ञापत्र कोरलेले आहे, ते गोवर्धन येथील आपल्या अमात्याच्या नावे. संस्कृताच्या हिशेबाने तो विष्णुपालित; कोरक्याने लिहिले आहे 'विण्हुपालित', आणि राजाच्या 'श्री'चे केले आहे 'सिरि'. राजाच्या हुकमात राजाच्याच नावाचे प्राकृत रूप खोदण्याची ज्यास मुभा होती, त्याच्या गावात आपण राहतो. तेव्हा संपादकांनी 'सू ची' छापण्याची तजवीज करावी, आणि एखाद्या मुद्रितशोधकाने शुद्धतेची हरकत घेतलीच, तर त्याला 'ब्रह्मदेश' हा शब्द मोठ्याने उच्चारावयास सांगावे: तो 'ब्रम्हदेश' म्हणेल.