आधी भांडं, मग सूत्र

अकरावीच्या केमिस्ट्रीतली गणितं मुलांना जड जातात ती गणितामुळे, असं घरोघरी ऐकू येतं. मला काही ते पटत नाही. त्यातले गुणाकार-भागाकार सातवीतल्या पोरालाही जमतील. भांड्यात काय चाललंय हे डोळ्यांपुढे यायच्या आतच सूत्र लिहायची घाई होते, तिथे खरं अडतं.

हीट ऑफ सोल्यूशनचंच घ्या. १०० ग्रॅम पाण्यात १०.७ ग्रॅम नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, विरघळवला. (कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तोच!) पाणी २८ अंशांवरून २१.६ वर आलं. तर मोलमागे उष्णता किती? द्रावण ११०.७ ग्रॅम, गुणिले ४.१८, गुणिले ६.४. आले साधारण २९६० ज्यूल. नवसागराचा मोल ५३.५ ग्रॅमचा, म्हणजे इथे ०.२ मोल. उत्तर १४.८ किलोज्यूल.

इथवर बहुतेक जण पोचतात. मग येतं चिन्ह! तापमान उतरलं ना, मग द्या उणे ठोकून. अहो, पण पाणी गार का झालं? नवसागराचे आयन सुटे करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी पाण्याने त्यांना वेढल्यावर परत मिळत नाही. उरलेली पाण्याकडूनच घेतली जाते. घेतली, म्हणून अधिक. कॉस्टिक सोडा टाकला तर उलट, पाणी चांगलं तापतं, तिथे उणे. खात्री करायला प्रयोगशाळाही नको. गावाकडे खताच्या पोत्यातला मूठभर युरिया तांब्याभर पाण्यात घाला नि बाहेरून हात लावून बघा. (तांब्या नंतर घासून ठेवा, नाहीतर आजी ओरडेल.)

हॅलोजनचं दुखणं जरा वेगळं. तिथे उत्तर बरोबर येतं आणि समजलेलं काहीच नसतं. 'वरचा खालच्याला हाकलतो' एवढं पाठ असलं की काम भागतं. क्लोरीन ब्रोमाइडमधून ब्रोमीन काढतो, आयोडीनला ते जमत नाही. ठीक. पण इलेक्ट्रॉन कोणाचा गेला, असं विचारा... सगळे गप्प! गेला ब्रोमाइडचा, घेतला क्लोरीनने. पोटॅशियम नुसता बघ्या. हे कळलं की समीकरणात पोटॅशियम ब्रोमाइडआधी २ का, तेही कळतं. क्लोरीनच्या रेणूत अणू दोन, त्यांना इलेक्ट्रॉन हवेत दोन, म्हणून ब्रोमाइड दोन.

आणि ही काही परीक्षेपुरती रचलेली गोष्ट नव्हे. १८२६ साली फ्रान्समध्ये बालार नावाच्या तरुणाने मिठागरातल्या उरल्यासुरल्या खाऱ्या पाण्यात क्लोरीन सोडला, पाणी नारिंगी-पिवळं झालं आणि जगाला ब्रोमीन मिळालं. पुस्तकात मात्र हा रंग कंसात, बारीक अक्षरांत.

'सीईटीला एवढा विचार करायला वेळ कुठे असतो?' हा ठरलेला आक्षेप. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे घाई आहेच, कबूल. पण चार पर्यायांत बहुधा अधिक १४.८ आणि उणे १४.८ शेजारी-शेजारी बसलेले असतात. 'पाणी गार होणार' एवढं ज्याला आधीच दिसलंय, त्याने उणेवाले पर्याय पेन उचलायच्या आत खोडलेले असतात.