मनोऱ्यावरचं कोडं



कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. गुप्तहेरांच्या गोष्टींना तो म्हणे आता कंटाळलाय. निम्मं पुस्तक होतं न होतं, तोच गुन्हेगार कोण ते त्याला कळतं! म्हणून त्यानं विचारलंय, की पोलिसांना, कोर्टाला, कुणालाच जिचं उत्तर मिळालं नाही अशी एखादी गोष्ट आहे का?

आहे तर! आणि ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

मुंबईत ओव्हल मैदानासमोर विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर उभा आहे. कोल्हापूरकरांनो, तुमच्या नव्या राजवाड्यावरही घड्याळाचा मनोरा आहे. हा त्याचा मुंबईतला थोरला भाऊच म्हणा. १८७८ साली तो बांधून पुरा झाला. उंची २८० फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारतीपेक्षा जास्त! प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव मनोऱ्याला दिलं. त्या काळी लोक हौसेनं वर चढून मुंबई बघायचे.

२५ एप्रिल १८९१ या दिवशी दोन पारशी तरुणी अशाच वर गेल्या. एक साधारण वीस वर्षांची बचुबाई, दुसरी सोळा वर्षांची पिरोजबाई. भर दिवसा दोघीही मनोऱ्यावरून खाली पडल्या आणि मरण पावल्या.

सगळी मुंबई हादरली. तोल गेला म्हणावं, तर दोघींचा कसा जाईल? कुणी ढकललं का? कुणापासून जीव वाचवायला त्या धावल्या का? वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. एका तरुणावर संशय आला, खटला चालला. पण गुन्हा शाबीत झाला नाही आणि तो निर्दोष सुटला. मग घडलं काय? या प्रश्नाचं पक्कं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही.

यातल्या बचुबाईच्या नवऱ्याचं नाव तुम्ही रोज वाचता, बरं का! तुमच्या घरातलं कपाट किंवा कुलूप बघा. अर्देशीर गोदरेज! त्यांनीच १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. बायको गेली तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

या घटनेवर जवळजवळ १३० वर्षांनी एक कादंबरी आली. 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' हे तिचं नाव. लेखिका नेव्ह मार्च या मूळच्या पारशी, राहतात अमेरिकेत. पुस्तक इंग्रजीत असून २०२० साली निघालं. खऱ्या घटनेचा धागा घेऊन लेखिकेनं माणसं मात्र आपल्या मनानं उभी केली आहेत.

तिचा नायक आहे कॅप्टन जिम अग्निहोत्री. अर्धा इंग्रज, अर्धा हिंदुस्थानी. चकमकीत जखमी झालेला हा शिपाईगडी पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून आहे. वेळ घालवायला शेरलॉक होम्स वाचतो आणि वर्तमानपत्रं चाळतो. त्यात त्याला एका तरुण नवऱ्यानं लिहिलेलं पत्र दिसतं. हा नवरा मनोऱ्यावरून पडलेल्या दोघींपैकी एकीचा. ते दुःख जिमला गप्प बसू देत नाही. बरा होताच तो थेट त्या नवऱ्याच्या घरी जातो आणि तपास हाती घेतो.

आता गंमत बघा. तुमच्या आजोबांनी रात्री जागून बाबुराव अर्नाळकर वाचले असतील. त्यांचा झुंजार कसा? निधड्या छातीचा! संकट आलं की दोन हात करणारा. जिमही वेषांतर करतो, मारामारी करतो. पण त्याच्या मनात एक जखम आहे. ज्या लढाईत त्याचे साथीदार गेले, ती त्याला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. मी कसा वाचलो, हा प्रश्न त्याला छळतो. म्हणजे तो एकाच वेळी दोन तपास करतोय. एक मनोऱ्याचा, दुसरा स्वतःच्या मनाचा! अशा गोष्टीत फक्त 'कोणी केलं' एवढं ओळखून भागत नाही. माणूस असं का वागला, काय विसरला, काय लपवतोय, हेही शोधावं लागतं.

शेवट? तो मी मुळीच सांगणार नाही! पण एक सांगतो. कादंबरीला शेवट द्यावाच लागतो, नाहीतर वाचक भांडेल. खऱ्या आयुष्याला तसं बंधन नाही. लेखिकेनं दिलेलं उत्तर तिच्या गोष्टीपुरतं खरं. त्यावरून १८९१ सालच्या खऱ्या माणसांना दोषी धरायचं नाही. पुरावा नसेल तर 'माहीत नाही' असं म्हणायलाही हिंमत लागते. नाहीतर आपण काय करतो? वर्गात कुणाचं पेन हरवलं की दहा मिनिटांत चोर ठरवून मोकळे! पेन संध्याकाळी दप्तराच्या तळाशी सापडतं. पण ज्याला चोर म्हटलं, त्याच्या मनातून ते जात नाही.

आता या आठवड्याचा उद्योग. चार मित्र जमवा. पेठेतल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्याच्या चौकात कडेला पाच मिनिटं गप्प उभे राहा. घरी आल्यावर एकमेकांशी न बोलता कागदावर तीन रकाने आखा: 'पाहिलं', 'ऐकलं' आणि 'वाटलं'. प्रत्येकानं आपापलं लिहायचं, मग कागद ताडून बघायचे. रिक्षा किती होत्या, भाजीवाल्या मावशींच्या लुगड्याचा रंग कोणता, यावरून भांडण जुंपेल, पैज लावा! खोटं कुणीच बोलत नसतं. डोळ्यांनी सोडलेल्या जागा मन आपोआप भरून काढतं. खऱ्या गुप्तहेराची पहिली परीक्षा ही, की 'वाटलं' मधलं एकही वाक्य 'पाहिलं' मध्ये शिरू द्यायचं नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द: कादंबरी मोठ्यांची आहे, काही प्रसंग कठोर आहेत. नववी-दहावीच्या मुलांबरोबर तुम्हीही वाचा आणि मग त्यावर बोला. आणि जुनी पुस्तकं चाळायची हौस असेल, तर १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर तुमच्या गावातच आहे. सुट्टीत मुलांना घेऊन एक चक्कर माराच.

तुमचे तीन रकाने आम्हाला जरूर पाठवा. सगळ्यात लांब 'वाटलं' कुणाचं निघतंय, बघू या!