अज्ञान कोणाचे?

बेंगळुरूत विमानतळाकडे जाताना बळ्ळारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था लागते. इथे राहणारे आपण मराठी लोक तिच्यावरून कितीदा तरी जातो. १९५९ साली स्थापन झालेल्या आणि १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या संस्थेने शासनाला एक अप्रिय सत्य फार लवकर सांगितले होते. ते आपण आजही पचवलेले नाही.

क्षयरोगावरील कोणतीही शासकीय टिप्पणी उघडा. 'रुग्णांमध्ये जाणीव नाही, ते उशिरा येतात, म्हणून जनजागृतीची गरज आहे', हे वाक्य असतेच. ते लिहिणे सोपे असते, कारण त्यात दोष गरिबाच्या पदरात पडतो आणि खर्च फलकांवर भागतो.

संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन नेमके हेच गृहीतक तपासले. १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या क्षयाच्या बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. निम्म्याहून अधिक जण स्वतःहून उपचार शोधत दवाखान्यात गेलेही होते. तिथे त्यांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून त्यांना परत पाठवण्यात आले होते. म्हणजे रुग्ण दारात आला होता, त्याला ओळखले नाही ते व्यवस्थेने.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे पाहू. दिल्लीत रुग्णाची बतावणी करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींना वैद्यकीय व्यावसायिकांकडे पाठवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २५० भेटींपैकी केवळ २१ टक्के भेटींत योग्य तो मार्ग धरला गेला. बाटलीवरचे नाव तेवढे बदलले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी गेलेच नव्हते. हे अज्ञान नव्हे काय? कारणे वाचावीत. लक्षण ओळखता आले नाही असे सांगणारे १८ टक्के होते. लक्षणांकडे दुर्लक्ष केले असे सांगणारे ६८ टक्के. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या उत्तराचे आश्चर्य वाटू नये. बांधकामावरील मजुराला दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. तपासणी एका दिवशी, निकाल दुसऱ्या दिवशी, औषध तिसऱ्या दिवशी, म्हणजे तीन मजुऱ्या. केसपेपर मोफत असला, तरी दिवस मोफत नसतो. खोकला अंगावर काढणे हा त्याचा हिशेब आहे, आणि तो हिशेब आपल्या कार्यालयीन वेळापत्रकाने त्याच्यावर लादलेला आहे.

त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी रोगाची जागा आपणच मंजूर केली. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर ठेवले गेले. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. तिथे क्षयाचे प्रमाण मोकळ्या रचनेच्या वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे २०१८ च्या अभ्यासाने दाखवले. त्या नकाशांवर सही कोणा अडाणी रुग्णाने केली नव्हती.

आणि अन्न? झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे नेतृत्व मंगळुरूच्या डॉ. अनुराग भार्गव यांनी केले. रुग्णाच्या घरातील प्रत्येक प्रौढाला दरमहा पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्या घरात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. शासन रुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देते, हे स्वागतार्हच. पण घरातील इतरांच्या शिध्यासाठी आपण 'निक्षय मित्र' म्हणवणाऱ्या दात्यांच्या औदार्यावर विसंबतो. ज्या उपायाची परिणामकारकता लसीच्या तोडीची ठरली, तो दानपेटीवर का सोडावा? लसीसाठी आपण दाते शोधतो का?

क्षयाचे प्रमाण घटले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये १८७. तरीही २०२५ पर्यंत निर्मूलनाचे जाहीर केलेले उद्दिष्ट हुकलेच. जगातील सुमारे एक चतुर्थांश नवे रुग्ण आजही भारतात आहेत.

मागणी साधी आहे. दवाखान्याची एक पाळी संध्याकाळी मजुरी सुटल्यावर असावी. तपासणी व औषध एकाच फेरीत मिळावे. रुग्णाच्या कुटुंबाचा शिधा शिधापत्रिकेवर हक्क म्हणून नोंदवावा. इमारतीच्या नकाशाला हवा-उजेडाच्या अटीतून सूट देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी द्यावीत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे संशोधन लागत नाही.

आणि 'जनजागृती' या शीर्षाखाली तरतूद मागणारी टिप्पणी पुन्हा टेबलावर येईल, तेव्हा वाचणाऱ्याने समासात एकच प्रश्न लिहावा : जागे कोणाला करायचे आहे?