मुक्या जनावराचे औषधपाणी आणि विम्याचा हिशेब

कुत्रे-मांजर पाळणे हा श्रीमंतांचा शौक आहे, असे जो म्हणतो तो आपल्या वस्त्यांतून कधी फिरलेला नाही असे खुशाल समजावे. घरधनी रात्रपाळीला गेला की दारात पडून राहणारा कुत्रा चाळीतही असतो आणि झोपडपट्टीतही असतो. शाळेतून आलेले पोर दप्तर टाकण्याआधी मांजर कुठे आहे ते विचारते. गावाकडे अंगणात दोन शेळ्या असतात आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यांच्यावरच निघतो. या जनावरांना घरात नाव असते, ताटातला घास असतो. मात्र त्यांच्या आजारपणाचा पैसा कोणत्याही घराच्या महिन्याच्या हिशेबात धरलेला नसतो.

आणि आजार काही सांगून येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला पार्व्हो झाला की उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. वेळेवर सलाईन लागले नाही तर पिलू दोन-चार दिवसांतच हातचे जाते. अंगावर गोचिड्या झाल्या की त्यांच्यामुळे ताप येतो आणि रक्त कमी होते. रिक्षाखाली पाय सापडला तर हाडात सळई किंवा पट्टी बसवावी लागते. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाला तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. खाजगी दवाखान्यात तपासणी, एक्स-रे, रक्ताची चाचणी, सलाईन, औषधे असे करता करता बिल बघता बघता हजारांत जाते.

मग घरात काय होते? कोणी व्याजाने पैसे काढतो. कोणी कानातले गहाण टाकते. आणि कोणी अंधार पडल्यावर आजारी जनावर पोत्यात घालून दूर सोडून येतो. हा तिसरा मार्ग कोणी बोलून दाखवत नाही, पण तो आपल्याला ठाऊक आहे. सकाळी पोर विचारते, "मोती कुठे गेला?" तेव्हा "पळून गेला" असे सांगितले जाते. तो बाप निर्दय नसतो. त्याच्यापाशी त्या रात्री पैसे नसतात, एवढेच. म्हणूनच जनावराच्या उपचाराचा विमा हा विषय आम्ही या वेळी मुद्दाम घेतला आहे.

एका भगिनीने आम्हाला रोखठोक विचारले, "माणसांच्या औषधाला पैसे नाहीत आणि तुम्ही कुत्र्याचा विमा सांगता?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की आधी माणसांचे पाहावे. घरातल्या सर्वांची रेशनकार्डावरील नावे, आधारकार्ड, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती, मुलांची फी, हे सारे आधी. परंतु ज्या घरात जनावर आहे, त्या घरावर त्याच्या आजारपणाचा खर्च एक ना एक दिवस येणारच आहे. तो अचानक आला तर कर्ज होते. आधी विचार केला तर कर्ज टळू शकते. विचार करायला पैसे पडत नाहीत.

विमा म्हणजे काय, हे आपल्या महिलांना भिशीवरून चटकन कळेल. भिशीत सर्वजण पैसे घालतात आणि ज्याचा नंबर लागतो त्याला रक्कम मिळते. विम्यातही सर्वजण हप्ता भरतात, पण ज्याच्यावर संकट येते त्याला रक्कम मिळते. फरक असा की भिशीत आपला पैसा कधी ना कधी परत येतो; विम्यात वर्षभर संकट आले नाही तर हप्ता परत येत नाही. तो गेला असेच धरावे. हे आधी समजून घेतले म्हणजे मागाहून फसवले गेल्याची भावना राहत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. युरोपात स्वीडन देशात घोडे आणि गुरांच्या विम्यानंतर १९२४ साली कुत्र्याचा विमा सुरू झाला. आपल्याकडे सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्या गाई-म्हशी-शेळ्यांचा विमा अनेक वर्षे उतरवत आल्या आहेत आणि कुत्र्याच्या विम्याची पॉलिसीही त्यांच्याकडे आहे. मात्र या जुन्या पॉलिसींचा मुख्य भर जनावर दगावल्यास रक्कम देण्यावर राहिला. शस्त्रक्रिया व दवाखान्यात दाखल करण्याचा खर्च देणारी कुत्र्याची पॉलिसी २०२० साली तेव्हाच्या बजाज अलियान्झ कंपनीने बाजारात आणली. त्यानंतर इतरही काही खाजगी कंपन्या या धंद्यात उतरल्या.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: ही पॉलिसी जनावर मेल्यावर पैसे देते, की ते जगावे म्हणून उपचाराला पैसे देते? नाव दोन्हीचे 'विमा'च असते, पण आजारी मोतीला पहिलीचा काडीचा उपयोग नाही. काही पॉलिसीत दोन्ही असते. शिवाय आपल्या कुत्र्याने कोणाला चावले आणि भरपाई द्यावी लागली तर तो भार उचलण्याचे कलमही काहींत असते. दाटीवाटीच्या वस्तीत या कलमाला मोल आहे.

आता हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत; प्रत्येक कंपनीचे, जनावराच्या वयाचे आणि जातीचे आकडे निराळे असतात. समजा, वर्षाचा हप्ता ३,००० रुपये, विम्याची रक्कम ४०,००० रुपये आणि प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायचा वाटा १० टक्के. कुत्र्याचा पाय मोडला आणि बिल २२,००० रुपये झाले. त्यातले लस, खाद्य वगैरे २,००० रुपये पॉलिसीत बसत नाहीत. राहिले २०,०००. त्याचे १० टक्के, म्हणजे २,००० आपले. कंपनी देणार १८,०००. आपल्या खिशातून गेले ते ४,००० आणि हप्त्याचे ३,०००, मिळून ७,००० रुपये. विमा नसता तर २२,००० गेले असते. याच घरात तीन वर्षे काहीच झाले नाही, तर ९,००० रुपये हप्त्यात गेले आणि हाती काही आले नाही. दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

या हिशेबात एक मेख आहे आणि ती एजंट सहसा सांगत नाही. पुष्कळ पॉलिसींत दवाखान्याचे बिल आधी आपण भरायचे असते. मग कागद पाठवायचे, आणि मग पैसे परत येतात. म्हणजे त्या रात्री २२,००० रुपये उभे करायचे ते आपणच! ज्याच्या घरात तेवढी रोकड नाही त्याला विमा असूनही सावकाराचे दार चुकत नाही. म्हणून कंपनी दवाखान्याला परस्पर पैसे देते का, देत असल्यास आपल्या जवळचा कोणता दवाखाना तिच्या यादीत आहे, हे लेखी विचारून घ्यावे. आणि विमा घेतला तरी घरात जनावरासाठी एक छोटा गल्ला ठेवावाच. विमा आणि गल्ला ही जोडी आहे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

पॉलिसी घेण्यापूर्वी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. गावठी कुत्रा चालतो का? मांजराला विमा मिळतो का? कोणत्या वयापर्यंत घेतात? म्हातारपणी आजार वाढतात आणि नेमका तेव्हाच काही कंपन्या नवा विमा नाकारतात. पॉलिसी घेतल्यापासून काही दिवस वा आठवडे आजाराचा दावा, म्हणजे ज्याला सगळे क्लेम म्हणतात, तो चालत नाही. ही मुदत किती ते पाहावे. आधीपासून असलेला आजार बहुधा वगळलेला असतो. तेव्हा कुत्रा आजारी पडल्यावर विमा काढायला धावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. लस दिलेली नसेल आणि नेमका लसीने टळणारा रोग झाला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. एकेका उपचाराला वेगळी मर्यादाही असते. पॉलिसीवर मोठी रक्कम छापलेली असली तरी ती सगळी एकाच आजाराला मिळेल असे नाही.

कागदांच्या बाबतीत आपण कमी पडतो, हे मान्य केले पाहिजे. एक साधी फाईल करावी. तीत लसीकरणाचे कार्ड, जनावराचे समोरून व बाजूने काढलेले फोटो, अंगावरील खुणांची नोंद, चिप बसवली असल्यास तिचा क्रमांक, पॉलिसीची प्रत आणि डॉक्टरांच्या सर्व चिठ्ठ्या ठेवाव्यात. मुंबईसारख्या शहरात महानगरपालिकेचा कुत्र्याचा परवानाही त्यातच ठेवावा. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच घ्यावेत आणि चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. सुई टोचणाऱ्या कोणाही माणसाची कच्ची चिठ्ठी कंपनी स्वीकारत नाही, आणि जनावराच्या जिवालाही ती महागात पडते. आजार किंवा अपघात होताच कंपनीला ठरलेल्या मुदतीत कळवावे. फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. आपल्या घरात दहावी-बारावीला असलेला मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करील. त्यांच्याकडेच ते सोपवावे.

दावा विनाकारण नाकारला तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात कंपनीचे उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही आणि वकील लागत नाही. कागद मात्र लागतात!

ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांनी काय करावे? आमच्या मते अशी घरेच जास्त आहेत, आणि त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. त्यांनी लस चुकवू नये. पार्व्होची लस पिलू सहा ते आठ आठवड्यांचे असताना सुरू होते आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे वेळच्या वेळी. नसबंदी केली तर मादीचा तो गर्भाशयाचा जीवघेणा आजार टळतो आणि दरवर्षी पिलांचा प्रश्नही उभा राहत नाही. लसीचा खर्च पार्व्होच्या सलाईनच्या मानाने अगदी थोडा असतो. एवढे केले तरी निम्मी लढाई जिंकली.

दुसरे म्हणजे सरकारी आणि धर्मादाय दवाखाने. गावातील पशुवैद्यकीय दवाखाना आणि जिल्ह्याचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आपल्याच करातून चालते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल गिरणगावातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांची सेवा करीत आले आहे. आपल्या घराजवळ असा दवाखाना कोठे आहे, कोणत्या वेळी उघडा असतो, हे आजच पाहून ठेवावे. रात्री धावपळ करताना ते सुचत नाही.

तिसरे म्हणजे गल्ला. रोज पाच रुपये टाकले तर वर्षाला १,८२५ रुपये होतात. वस्तीतल्या दहा घरांनी मिळून असे केले तर १८,२५० रुपयांची गंगाजळी उभी राहते. बचत गट चालवणाऱ्या आपल्या भगिनींना त्याचे नियम आम्ही सांगायला नकोत. कोणाला किती द्यायचे, किती दिवसांत फेडायचे, हे आधी वहीत लिहून सह्या घ्याव्यात, म्हणजे भांडण राहत नाही.

शेळ्या-म्हशी पाळणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. त्यांच्या विम्याला राष्ट्रीय पशुधन अभियानातून सरकारी मदत आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून पशुपालकाचा हप्त्यातील वाटा १५ टक्के केला. उरलेली रक्कम केंद्र व राज्य भरते. म्हणजे १०० रुपये हप्ता असेल तर आपले १५ रुपये. ही भरपाई जनावर दगावल्यावर मिळते, हे ध्यानात असावे. कानातला बिल्ला हीच तेथे ओळख असते. बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा लावून घ्यावा, नाहीतर दावा अडतो. जनावर मेल्यास पुरण्याची घाई न करता आधी कंपनीला आणि पशुवैद्यकाला कळवावे.

शेवटी एक गोष्ट माणसांची. लस दिलेले असो वा नसो, कुत्र्याने चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक सरकारी रुग्णालयात जावे. मिरची, चुना, हळद लावीत बसू नये, भगताकडे तर मुळीच जाऊ नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. त्याआधी घेतलेली लस त्याला वाचवते.

ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी या रविवारी लसीचे कार्ड काढून तारीख पाहावी. पुढची लस केव्हा, आपला दवाखाना कोणता आणि अडीअडचणीला पैसा कोठून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे घरात सर्वांसमोर ठरवावीत. मुलांनाही त्यात बसवावे. पुढील अंकी शेळीच्या विम्याचा दावा कसा भरावा, याची सविस्तर माहिती आम्ही देणार आहोत.