गडगडाट वगळून

जर्मनीत ए-६ महामार्गावरून जाताना झिन्सहाइमजवळ दोन पांढरी विमाने एका छपरावरून झेप घेण्याच्या बेतात दिसतात. तिथल्या तंत्रसंग्रहालयाने ती खांबांवर चढवून, नाक वर करून उभी केली आहेत. एक एअर फ्रान्सचे काँकॉर्ड, दुसरे सोव्हिएत तुपोलेव-१४४. ध्वनीपेक्षा वेगाने प्रवासी नेणाऱ्या विमानांच्या जगात एवढ्या दोनच जाती झाल्या आणि दोन्ही शेजारी-शेजारी फक्त इथे पाहायला मिळतात. तिकीट काढून आत शिरता येते. आतला बोळही अर्थातच चढाचा, त्यामुळे एकेकाळी ताशी दोन हजार किलोमीटरच्या वेगाने कापलेले अंतर प्रेक्षकाला आता आसने धरत-धरत चढावे लागते.

तुपोलेव पहिले उडाले, ३१ डिसेंबर १९६८ ला. काँकॉर्ड त्यानंतर दोन महिन्यांनी, २ मार्च १९६९ ला. मॉस्कोने शर्यत जिंकली ती एवढ्यापुरतीच. नोव्हेंबर १९७७ मध्ये मॉस्को-अल्माअता मार्गावर प्रवासी बसवले आणि ५५ फेऱ्यांनंतर, पुढच्या जूनमध्ये, गाशा गुंडाळला. आत आवाज इतका असे, की शेजारच्याशी बोलायचे तर चिठ्ठी लिहावी लागे, असे सांगतात.

काँकॉर्ड मात्र सत्तावीस वर्षे उडाले, आणि त्याचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. उणे पन्नास अंशांच्या हवेतही घर्षणाने त्याचे अंग एवढे तापे, की उड्डाणात विमान वीसेक सेंटिमीटर लांब होई. फ्लाइट इंजिनीअरच्या पॅनेलशेजारी तेवढ्या वेळापुरती फट पडे. निवृत्तीच्या उड्डाणांत काहींनी तिच्यात आपली टोपी ठेवून दिली. विमान थंड झाले, फट मिटली, टोपी कायमची आत. ३० जून १९७३ ला आफ्रिकेवरून सूर्यग्रहण होते. काँकॉर्डचा पहिला नमुना शास्त्रज्ञांना घेऊन चंद्राच्या सावलीबरोबर धावला आणि जमिनीवर जे काही मिनिटांत संपते ते खग्रास ग्रहण त्यांनी ७४ मिनिटे पाहिले. असे वाहन भंगारात गेले नाही, पॅरिसजवळ ल बूर्जेच्या संग्रहालयात राहिले, याचा आनंदच आहे.

पण या विमानांपुढे उभे राहिले, की एक उसासा हमखास ऐकू येतो : माणूस पुढे जायचा तो मागे आला. आजोबा साडेतीन तासांत लंडनहून न्यूयॉर्कला जात, नातवाला सात लागतात. हा उसासा आम्हाला मान्य नाही. एक तर, कोणाचे आजोबा? काँकॉर्डमध्ये आसने शंभर. खर्च मात्र ब्रिटन आणि फ्रान्सच्या करदात्यांचा, हे विमान मिळून बांधण्याच्या १९६२ च्या करारापासून. त्यांतल्या बहुतेकांनी हे विमान फक्त खालून पाहिले. किंवा ऐकले.

खरी गोम त्या ऐकण्यात आहे. विमान ध्वनीचा वेग ओलांडते तेव्हा एकदाच धडाका होतो, असा समज आहे. तसे नसते. जोवर ते त्या वेगात आहे तोवर तो धडाका त्याच्यामागून जमिनीवरून सरकत राहतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला आपापल्या वाट्याचा मिळतो. २० मे २०२० ला बेंगळुरूत सारे शहर दचकले होते, ते हवाई दलाच्या एकाच चाचणीने. अमेरिकेने १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर असे १,२५३ धडाके मुद्दाम करून पाहिले. सहा महिने, दिवसाला आठ. लोकांना सवय होते का, हे बघायचे होते. शेवटी २७ टक्के लोकांनी सांगितले, की हे कधीच सहन होणार नाही. चारातले तीन तयार होते, हेही खरे. पण चौथ्याच्या घराच्या काचाही त्याच्याच होत्या.

१९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी विमानांना हा वेग बंद केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या तिथल्या विमान कंपन्यांनी काँकॉर्ड खरेदीचा राखून ठेवलेला हक्क सोडला होता आणि वर्ष संपताना तेल भडकले. एअर इंडियानेही दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवले होते, तेही गेले. पुढे ब्रिटिश एअरवेज व सिंगापूर एअरलाइन्स यांची लंडन-बहारीन-सिंगापूर फेरी सुरू झाली, तेव्हा भारताने आपल्या हद्दीत ध्वनीचा वेग ओलांडू दिला नाही. फेरी परवडेना, १९८० मध्ये बंद पडली. दिल्लीच्या त्या नकाराचे कौतुक तेव्हा फारसे कोणी केले नाही. आज करायला हरकत नाही. प्रवाशांसाठी शेवटी चौदाच काँकॉर्ड उडाली, तीही मुख्यतः अटलांटिकवर. माशांनी तक्रार केली नाही.

जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ एक काँकॉर्ड कोसळून ११३ जण गेले. २००३ मध्ये सेवाच संपली. पण हिशेब त्याच्या कितीतरी आधी, जमिनीवर, चुकता झाला होता.

संग्रहालयाला यातले काहीच दाखवता येत नाही. छपरावर येते ती आकृती, सुळसुळीत आणि मुकी. गडगडाट वगळून उरलेले काँकॉर्ड कोणालाही आवडेल.

आता पुन्हा हालचाल आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या छोट्या चाचणी-विमानाने मोहावे वाळवंटावर ध्वनीचा वेग ओलांडला. धडाका जमिनीपर्यंत पोचला नाही, असे कंपनी सांगते. जूनमध्ये तिथल्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवण्याचा आदेश काढला. धडाका खरेच खाली येत नसेल तर उत्तमच. पण ते वाळवंटात ठरवू नये. ओक्लाहोमा सिटीत जाऊन ठरवावे.