हजेरी आणि चौकशी

संकटकाळीं माणसाची परीक्षा होते असें म्हणतात. करोनाच्या महामारींत ती अध्यापनाच्या रीतीचीही झाली. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या, आणि जूनमध्यें नवें शैक्षणिक वर्ष उजाडलें तें मोबाईलच्या पडद्यावर. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही त्या काळची सरकारी घोषणा पालकांच्या स्मरणांत असेल. त्या दिवसांत शिक्षण नेमकें कोणाचें सुरू राहिलें, याचा विचार आतां शांत चित्तानें करणें अवश्य आहे. कारण आजही अतिवृष्टीनें वा अन्य कारणानें शाळा बंद पडली, कीं आपला हात त्याच यंत्राकडे जातो.

प्रथम शिक्षकांच्या श्रमांची नोंद केली पाहिजे. ज्यांचें आयुष्य खडू-फळ्याच्या सोबतींत गेलें, अशा माध्यमिक शिक्षकांनीं थोड्याच दिवसांत झूम, गूगल मीट आणि व्हॉट्सॲप यांवर शिकविण्याची विद्या आत्मसात केली. त्यांपैकीं अनेकांना त्याच वेळीं घरोघरच्या सर्वेक्षणाचें कामही करावें लागलें. जुलै २०२० मध्यें सरकारनें नववी ते बारावीसाठीं रोज पाऊण तासाच्या चार तासिकांची मर्यादा घातली. वेळापत्रक ठरलें, धडे झाले, हजेरीही लागली.

परंतु आपला अहिल्यानगर जिल्हा, जो तेव्हां अहमदनगर या नांवानें ओळखला जाई, क्षेत्रफळानें राज्यांत सर्वांत मोठा आहे, आणि त्यांतील सर्व घरांची स्थिती सारखी नाहीं. शहरांतील मुलाच्या हातीं स्वतःचा मोबाईल असेल. अकोले तालुक्यांत कळसूबाईच्या परिसरांतील वाड्या-पाड्यांवर मात्र त्याच्या लहरींना डोंगर आडवा येतो. पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोडणी करणारीं कुटुंबें हंगामांत गांव सोडून कारखान्याच्या तळावर राहावयास जातात. शेतकऱ्याच्या घरीं चांगला मोबाईल बहुधा एकच, आणि तो सकाळींच बापाच्या खिशांतून शेतावर किंवा बाजारांत जातो. भाऊ-बहीण दोघेंही शिकत असतील, तर आधीं पाळी कोणाची लागते, हें सांगावयास नको. अशा घरांतील मूल अकराच्या तासाला ‘गैरहजर’ ठरलें, तर तो दोष त्याच्या आळसाचा कसा म्हणावा?

आमच्या मतें शिकविण्याच्या रीती दोन. शाळेचें वेळापत्रक जसेंच्या तसें उचलून पडद्यावर ठेवणें ही पहिली. घराची स्थिती पाहून धडा बेतणें ही दुसरी: दहा मिनिटांचा धडा ध्वनिमुद्रित करून पाठवावा, म्हणजे मोबाईल सायंकाळीं घरीं परतल्यावर तो ऐकतां येईल, साधा फोन करून शंका विचारून घ्याव्या, ज्याच्या घरीं फोनच नाहीं, त्याच्या दारीं स्वाध्यायाचे कागद पोंचवावे. कोणी म्हणतील कीं, समोरासमोरच्या तासाची शिस्त आणि तत्काळ शंकानिरसन या दुसऱ्या रीतींत कोठें? आक्षेप खरा आहे. पण त्या शिस्तीचा लाभ उपस्थितांपुरताच. ज्याला उपस्थितच होतां येत नाहीं, त्याच्या पदरांत काय पडतें? म्हणून आपल्या जिल्ह्यांत दुसरी रीत हा नियम आणि पहिली ही केवळ सोय, असें असावें.

हुकलेल्या धड्यांची किंमत तत्काळ दिसली नाहीं. २०२१ सालची दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. त्यामुळें कोणाचें काय राहून गेलें, हें गुणपत्रिकेवरून उमगेना. समीकरणें न शिकलेला विद्यार्थी पुढच्या वर्गांत जातो, तेव्हां ती उणीवही त्याच्याबरोबर जाते. आपल्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं गांव करोनामुक्त केलें आणि जून २०२१ मध्यें मुलांना पुन्हां वर्गांत बसविलें. पडद्याचें काम तात्पुरतें आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पुढें असा प्रसंग आलाच, तर प्रत्येकानें आपला वांटा उचलावा. पालकांनीं रोज ठराविक तासभर मोबाईल घरीं ठेवावा, आणि त्यांत मुलीचा वांटा मुलाइतकाच असावा. विद्यार्थिमित्रांनो, शेजारचा सोबती तासाला दिसला नाहीं, तर आपली वही घेऊन त्याच्या घरीं जा. आणि शिक्षकांनीं गैरहजेरीची खूण केल्यावर दिवस मावळण्यापूर्वीं त्या मुलाची चौकशी करावी.